बोटभर उघडी खिडकी

८ जुलै

मामा,

तुला फोन करून उपयोग नाही हे आपल्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी परवा मी केला. तू उचललास आणि "राँग नंबर, बाळ" म्हणून ठेवून दिलास. अरे, राँग नंबरवाला कुणाला "बाळ" म्हणतो का? म्हणून हे पत्र. कागदावर तू निदान पळून जात नाहीस, उलट चार पानं लिहिल्याशिवाय हटत नाहीस.

बातमी अशी, की या सत्रात आम्हाला मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्व विकार शिकवतायत. म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर तू मुद्दाम भलतंसलतं समजशील. प्रत्येक माणसाचा विचार करायचा, वागायचा, दुसऱ्याशी जमवून घ्यायचा एक साचा असतो. काहींचा साचा इतका ताठ असतो की प्रसंग बदलला, माणसं बदलली, तरी तो वाकत नाही. त्यापायी एकतर तो माणूस झुरतो, नाहीतर त्याच्या आसपासचे. हा आज आला नि उद्या उतरला असा ताप नसतो. तरुण वयातच बसतो आणि मुक्काम ठोकतो.

आणि मामा, वर्गातून बाहेर पडल्यापासून मला जिकडेतिकडे तेच दिसतंय. माझी खोलीतली मैत्रीण चपला भिंतीला समांतर लावते, एक जरी वाकडी झाली तरी उठून सरळ करते. ती काटेकोर. खानावळीचा मालक आम्ही उठलो की चमचे मोजतो. तो संशयी. आणि बसला आहेस ना? आमचे बाबा! कॉलेजात मिळालेल्या त्या एकुलत्या एका ढालीची गोष्ट सांगितल्याशिवाय ते पाहुण्याला चहा देत नाहीत. हे आत्मप्रौढीचं. आई पडदा घ्यायचा तर चौघांना विचारते, म्हणजे ती परावलंबी.

तू तेवढा सुटलास. सगळ्या खानदानात शहाणा म्हणून तुझं एकट्याचं नाव लिहून ठेवलंय मी.

तुझी,
भाची


१६ जुलै

चिरंजीव डॉक्टरीणबाईंना मामाचा दुरूनच नमस्कार. (जवळून केला असता, पण तुम्ही नाडी धराल.)

फोनवर मी नव्हतोच. माझा आवाज काढणारा कुणीतरी भामटा असणार.

साच्यांबद्दल तू मला शिकवतेस? माझा जन्म साच्यांत गेला. दवाखान्यात माणूस येतो, डॉक्टर त्याच्या जबड्याचं माप घेतात, ते माप भिंतीतल्या खिडकीतून माझ्याकडे येतं. मी प्लास्टरचा साचा ओततो, त्यावर कवळी करतो आणि त्याच खिडकीतून परत पाठवतो. या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं मी भरली असतील, पण त्यातला एकही चेहरा पाहिलेला नाही. याहून सुखाची नोकरी जगात असेल तर मला कळव.

आता तुझी निदानं. दाजींना स्वतःचं कौतुक आहे हे खरं, पण विकार आम्हाला होतो, ऐकून ऐकून. ताई चौघांना विचारते आणि शेवटी घेते तोच पडदा जो तिला पहिल्यांदा आवडलेला असतो. याला परावलंबन म्हणत नाहीत, राजकारण म्हणतात. खानावळवाल्याचे चमचे खरोखरच चोरीला जात असतील, तुझ्या बॅगेत बघ. आणि ती चपलावाली पोरगी जपून ठेव. तुझ्या खोलीत कुणीतरी चपला नीट लावतं ही आमच्यासाठी आनंदाची बातमी आहे.

तुला खरंच एखादा नमुना हवा असेल तर आमच्याकडे एक आलाय. काउंटरवर नवीन बाई लागल्यात. आधीचे आजोबा दिवसभर झोपायचे, सोन्यासारखा माणूस. या बाई बोलतात. रुग्णांशी बोलतात, पोस्टमनशी बोलतात, कोणी नसेल तर कुंडीतल्या झाडाशी बोलतात. आणि हसतात, तेही मोठ्याने. खिडकी मी हवेसाठी बोटभर उघडी ठेवतो, त्यामुळे सगळं आत येतं. परवा मी एक कवळी खिडकीत ठेवली आणि मागे वळलो, तर बाहेर हशा. नक्की कशावर हसल्या कळलं नाही. पण माणसाला अंदाज असतो.

असल्या हसऱ्या माणसांना तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?

तुझा,
मामा


२ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझं पत्र खोलीत मोठ्याने वाचलं. चपलावाली तुझ्यावर खूश आहे, तिने नमस्कार सांगितलाय.

आमच्या बाईंनी काल आमची सगळ्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. म्हणाल्या, "हा विषय सुरू झाला की दरवर्षी पहिल्या महिन्यात पोरांना सगळे विकार स्वतःला होतात आणि दुसऱ्या महिन्यात ते नातेवाइकांना वाटून टाकतात. विक्षिप्त असणं हा गुन्हा नाही आणि आजारही नाही." मग फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. कधीपासून? कुठेकुठे? आणि त्रास कुणाला? साचा जुना हवा, घरीदारी, कामावर, मित्रांत, सगळीकडे तोच दिसायला हवा, आणि त्याने कुणाचं तरी जगणं अडायला हवं. तिन्हीची उत्तरं मिळाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

या हिशेबाने बाबा सुटले. ऑफिसात म्हणे ते ढालीचं नावही काढत नाहीत. आईही सुटली.

पण तुझ्या काउंटरवाल्या बाईंनी माझी झोप उडवलीय. सारखं बोलणं, मोठ्याने हसणं, सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे हवं असणं. यातून नाटकी व्यक्तिमत्त्वाचा वास येतो. आम्हाला "माहितीतल्या एका व्यक्तीचा स्वभाव" असा निबंध लिहायचाय. मी त्यांच्यावरच लिहिणार. तेव्हा मामा, आळस न करता सविस्तर कळव. त्या काय म्हणतात, कशा म्हणतात, तू काय उत्तर देतोस.

आणि पत्राच्या शेवटी नेहमीचं रडगाणं. आईच्या पन्नाशीला तू आला नाहीस. तिने केकचा तुकडा तुझ्यासाठी फ्रीजमध्ये ठेवला होता, शेवटी बाबांनी खाल्ला.

भाची


२१ ऑगस्ट

डॉक्टरीणबाई,

पन्नाशीच्या दिवशी मला ताप होता. बसस्टॉपपर्यंत गेलो होतो, तिथे चढला. घरी आल्यावर उतरला. असले ताप असतात.

आता तुझा नमुना. गेल्या आठवड्यात बाईंनी खिडकीच्या फटीत बोट घालून चौकटीवर टिचकी वाजवली. "अहो, तुम्हाला तोंड आहे की नुसते हातच? मी इथे लागल्यापासून मला नुसते हातच दिसतायत." बाकावरचे रुग्ण हसले. मी काय उत्तर देणार? माझी दातखीळ बसली. आता बाई चहा खिडकीत ठेवतात तेव्हा त्या जागेवर जाईपर्यंत मी थांबतो आणि मग कप उचलतो. थंड होतो, पण चालतं. कपाबरोबर कागदात गुंडाळलेली दोन बिस्किटं असतात. पिंजऱ्यातल्या प्राण्याला घालतात तशी, गंमत म्हणून. खातो मी, वाया कशाला घालवा.

परवा बाई डॉक्टरांना हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. "आतले ते" एवढेच शब्द कानावर आले. पुढचं ऐकायची मला गरज नाही.

आणखी एक भानगड झालीय. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची कवळी सारखी परत येतेय. माप अचूक, चावा अचूक, दात सगळे एका ओळीत, मोत्यासारखे. मी आयुष्यात इतकी सुंदर कवळी केलेली नाही. तरी बाई म्हणतात, "हे दात माझे वाटत नाहीत." या शाळेतल्या बाया अशाच, बरोबर उत्तराचेही मार्क कापणार.

यावरून डॉक्टरांच्या डोक्यात भूत शिरलंय. म्हणतात, दाताचा रंग आणि ठेवण माणूस समोर बसवून ठरवायची असते. नव्या वर्षात मधली भिंत काढायची, माझं टेबल पुढे आणायचं आणि रुग्णाशी बोलून काम करायचं. मी! रुग्णाशी! बोलून!

मी राजीनामा लिहून ठेवलाय. अक्षर फार सुरेख आलंय. दुसरीकडे कुठेतरी मागची खोली मिळेलच. इतकी वर्षं या टेबलावर काढली, हात आपोआप हवं ते हत्यार उचलतात, त्यामुळे जरा जिवावर येतं एवढंच. ताईला सांगू नकोस.

मामा


१२ सप्टेंबर

मामा!!

निबंध परत आला. मला वाटलं होतं वर्गात वाचून दाखवतील. बाईंनी पानाच्या कडेला लाल शाईत एवढंच लिहिलंय: "ही स्त्री तू पाहिलेली नाहीस. तुझ्याकडे आहे ते एका माणसाने केलेलं तिचं वर्णन. मग या निबंधात काळजी कुणाची करायला हवी, जिचं वर्णन आहे तिची की वर्णन करणाऱ्याची?"

आधी मला रागच आला. मग तुझी सगळी पत्रं काढली, गेल्या काही वर्षांचीसुद्धा, आणि गादीवर पसरून बसले. आणि मामा, सापडलं! काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते! तुझ्या प्रत्येक पत्रात कुणीतरी तुला हसतंय. काउंटरवाल्या बाई, त्याआधी वरच्या मजल्यावरचं जोडपं, त्याआधी वाचनालयातला माणूस. त्यांनी काय म्हटलं ते तू कधीच ऐकलेलं नसतंस, पण अर्थ तुझ्याकडे तयार असतो. बाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली, आणि तू म्हणतोस पिंजरा! फोन नाही, समारंभ नाही, बसस्टॉपवर ताप. आणि आता ज्या कामावर तुझा जीव आहे ते सोडायला निघालास, का, तर चार माणसांसमोर बसावं लागेल.

याला टाळणारं व्यक्तिमत्त्व म्हणतात. आपल्यात काहीतरी कमी आहे आणि जवळ गेलो तर लोकांना ते दिसेल, या धास्तीने माणूस जवळच जात नाही. पुस्तकातल्या खुणा एकेक करून जुळवल्या, जवळपास सगळ्या बसतात! एकलकोंडा नव्हेस तू. एकलकोंड्याला माणसं नकोच असतात. तुला हवी असतात. नाहीतर ती खिडकी बोटभर उघडी का ठेवतोस? हवेसाठी? तुझ्या खोलीला मागे चांगली मोठी खिडकी आहे, मी पाहिलीय.

इतकी वर्षं आम्ही सगळे "मामा म्हणजे काय बाबा, फोन उचलेल तर शपथ" म्हणून हसत होतो. कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाईंना सांगून निबंध पुन्हा लिहिणार आहे, या वेळी खऱ्या माणसावर. लगेच उत्तर पाठव!

भाची


३० ऑक्टोबर

चि. भाचीस,

तुझं पत्र पोचलं. त्यानंतरची दोन कार्डंही पोचली.

तू लिहितेस ते बरोबर असेल. शिकलेली आहेस. पण मी तुला पत्रं लिहिली ती मामा म्हणून. गादीवर पसरून खुणा जुळवण्यासाठी लिहिली नव्हती. मी कुणाचा गृहपाठ नाही.

कागदावर मला कधी भीती वाटली नव्हती. तेवढी एक जागा होती. आता हे लिहितानाही वाटतंय, की या ओळीतून ती काय काढेल.

राजीनामा पुढच्या महिन्यात देणार आहे. माझं चालत आलंय आणि चालेल. स्वभावाला औषध नाही हे तुझ्या पुस्तकांच्या आधीपासून माणसांना माहीत आहे.

ताईला नमस्कार.

मामा


४ नोव्हेंबर

मामा,

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एकही टोमणा नव्हता, त्यावरूनच कळलं की मी किती दुखावलंय तुला. मी "सापडलं" असं लिहिलं आणि पुढे उद्गारचिन्ह दिलं. तू रक्ताचा माणूस, आणि मी लपाछपीत गडी पकडल्यासारखी नाचले. चुकले रे. दुसरा निबंध लिहिला नाही, लिहिणारही नाही. बाईंना विषय बदलून मागितला.

त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझे कान उपटले. म्हणाल्या, उचलली जीभ लावली टाळ्याला, असं निदान करायचं नसतं. माणूस समोर हवा, वेळ द्यायला हवा, आणि बघणारा नात्यातला नको. पुस्तकातल्या खुणा तर कुणालाही चार-दोन लागू होतात. तेव्हा तुला काय आहे, काही आहे की नाही, ते मला माहीत नाही. मी तुझी डॉक्टर नाही, भाची आहे. ते शब्द मी परत घेते.

पण काळजी परत घेत नाही. आणि स्वभावाला औषध नाही हेही मान्य करत नाही. गोळी नसेल, पण साचा सैल होतो म्हणतात बाई. एकदम नाही, कुणाशी तरी बोलून, रोज थोडं थोडं करून बघून, आणि वेळ लागतो. तुझ्या शहरात त्यांच्या ओळखीचे एक समुपदेशक आहेत. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. चिठ्ठी फाडून टाकलीस तरी मी विचारणार नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती आजवर कुणाला सांगितली नाही. माझ्या शाळेतल्या नाटकात मी झाड झाले होते, आठवतं? दोन तास हात वर करून उभी. घरी सगळे म्हणाले, मामा याही वेळी आला नाही. पण झाडाला काम काहीच नव्हतं ना, मी सारखी खिडकीबाहेर बघत होते. तू मैदानाच्या कुंपणापलीकडे उभा होतास, निळ्या शर्टात, आणि नाटक संपलं तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास. तिथून कुणाला ऐकू येणार होत्या? मला दिसल्या.

मला तेव्हापासून माहीत आहे की तू येतोस. शेवटची पाच-पन्नास पावलं तेवढी राहतात. राजीनामा एवढ्यात देऊ नकोस, एवढंच मागते.

तुझी,
झाड


२९ नोव्हेंबर

प्रिय झाडा,

निळा शर्ट नव्हता, राखाडी होता. साक्षीदार म्हणून तू कोर्टात टिकणार नाहीस.

तुझं पत्र मी टेबलापाशीच वाचलं. डॉक्टरांनी पलीकडून विचारलं, "काय हो, प्लास्टर डोळ्यात गेलं का?" हो म्हटलं.

राजीनामा अजून खणात आहे. अक्षर सुरेख आहे म्हणून फाडवत नाही.

तुझ्या त्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर मी गेलो. म्हणजे आधी गेलो नाही, आधी पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, की पत्र छान आहे, आता पत्र लिहिणाऱ्यालाही घेऊन या. मग एके दिवशी गेलो आणि त्यांच्या इमारतीला दोन फेऱ्या मारून परत आलो. पुढच्या खेपेला आत गेलो. साधा माणूस आहे, स्वेटरला एक बटण नाही. मी बराच वेळ त्या नसलेल्या बटणाशीच बोललो. त्यांनी अजून मला कुठलंही नाव दिलेलं नाही. म्हणाले, नावाची घाई नाही, आधी ओळख होऊ द्या.

तुझ्या बाईंचे तीन प्रश्न मात्र मी स्वतःला विचारून बघितले. कधीपासून? शाळेत वाचन करायला उभं केलं की माझ्या घशातून आवाज फुटायचा नाही, वर्ग हसायचा. म्हणजे तेव्हापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. कुठेकुठे? घरी, दारी, दुकानात, बसमध्ये. तुमच्याकडे यायचं म्हणजे तर सगळ्यात जास्त, कारण तुमच्यासमोर वाईट दिसायचं नव्हतं. त्रास कुणाला? बाळ, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. सगळे म्हणायचे, कुणाला त्रास नाही, बिचारा आपल्या जागी असतो. मीही तेच म्हणायचो. ताईच्या पन्नाशीच्या दिवशी बसस्टॉपवरून परत आलो आणि अंधार पडेपर्यंत दिवा न लावता बसून होतो. तिने केक ठेवला होता हे तुझ्या पत्रातून कळलं तेव्हा मी ते पान उलटं करून ठेवलं. तर उत्तर हे आहे, की त्रास मला होतो.

स्वेटरवाल्यांनी एक काम दिलंय. खिडकी पूर्ण उघडायची आणि चहा आला की "चहा चांगला झालाय" एवढं म्हणायचं. आठवडाभर सराव केला. शेवटी काल म्हटलं. पण तोपर्यंत बाई पाणी घेऊन आल्या होत्या, म्हणून "पाणी चांगलं झालंय" म्हणालो.

मामा


१० डिसेंबर

मामा!

"पाणी चांगलं झालंय"? मी हसून हसून गादीवरून खाली पडले. (हे तुझ्यावर हसणं नाही. तुझ्याबरोबरचं आहे. फरक कळत नसेल तर स्वेटरवाल्यांना विचार.)

मग बाई काय म्हणाल्या? ते न लिहिता पत्र बंद करायला तुला लाज नाही वाटली? आणि आईला मी काही सांगितलेलं नाही. तिने मात्र परवा आपणहून विचारलं, "काय गं, तो बराय ना? मला लिहितो त्या पत्रांत खाडाखोड वाढलीय त्याच्या." तिलाही कळतं रे. आमचं राजकारणी खातं आहे ते.

भिंत कधी पाडणार?

तुझी,
भाची


१८ फेब्रुवारी

प्रिय भाची,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा मी फोनकडे बघत बसलो होतो. पूर्वी मी त्याच्यावर उशी ठेवायचो, तेव्हा ही प्रगती समज.

आधी तुझं देणं फेडतो. "पाणी चांगलं झालंय" या माझ्या वाक्यावर बाईंनी आधी पेल्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "थँक्यू. उकळून गार केलंय, कृती सांगू का?" मी खिडकी लावून घेतली. पण पूर्ण नाही लावली.

भिंत गेल्या महिन्यात पडली. गवंडी ठोकत होते आणि मी राजीनामा खिशात घेऊन कोपऱ्यात उभा. धूळ खाली बसल्यावर बघतो तर समोर काउंटर, बाक, कुंडी आणि बाई. त्या माझ्याएवढ्याच गोंधळल्या होत्या. म्हणाल्या, "अय्या, तुम्ही एवढे उंच आहात?" मग हळूच म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं तुम्हाला गर्व आहे. मी तर डॉक्टरांना विचारलंसुद्धा, आतले ते माझ्यावर रागावलेत का म्हणून." "आतले ते" च्या पुढचं वाक्य हे होतं बघ. अर्धं वर्ष मी त्या वाक्याचा शेवट स्वतःच लिहीत होतो, आणि प्रत्येक वेळी वाईट.

पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापिकाबाई आल्या. दातांच्या रंगांची पट्टी माझ्या हातून दोनदा खाली पडली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता अंगठे धरून उभं करतात. मी खाली मान घालून विचारलं, "यात काय चुकलंय?" त्या म्हणाल्या, "चुकलेलं काहीच नाही, हेच चुकलंय. माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती. मुलं मला मागून फटबाई म्हणायची, आणि मला ते कळायचं. ती फट कुठे गेली?"

साच्यात ती दिसणार कुठून? दात पडून गेल्यावर तर माप घेतलेलं. ती फक्त त्यांच्या तोंडून कळणार होती, आणि मी कुणाचं तोंड बघत नव्हतो. मी त्यांच्याकडून जुना फोटो मागवून घेतला आणि तिथेच बसून काम केलं. त्या शेजारी बसून सूचना देत होत्या. "अजून थोडी. शिट्टी वाजली पाहिजे."

काम करताना तुझ्या बाईंचं म्हणणं मला समजलं असं वाटतं, चुकलं तर लाल शाईने दुरुस्त कर. दातात फट असणं हा स्वभाव झाला, तो बुजवायला जाऊ नये. घासच चावता येत नसेल तर मात्र कुणाला तरी दाखवावं. मी इतकी वर्षं दोन्हीला एकच समजत होतो. माझा बुजरेपणा राहील तितका राहू दे, पण उपाशी राहायचं कारण नाही.

कवळी बसवली. मुख्याध्यापिकाबाईंनी आरशात पाहिलं, मग आरसा बाजूला ठेवला आणि थेट माझ्याकडे बघून हसल्या. फट दाखवून, मोठ्याने, काउंटरवाल्या बाईही वळून बघतील एवढ्या. आयुष्यभर मला धास्ती होती की कुणीतरी माझ्या तोंडावर हसेल. शेवटी हसलं कुणीतरी, आणि दात मीच केलेले होते.

राजीनामा अजून फाडलेला नाही. काउंटरवाल्या बाईंनी त्याची मागची कोरी बाजू वापरून त्यावर "कृपया शांतता राखा" असं लिहिलंय आणि काउंटरवर लावलाय. शांतता अर्थातच त्या स्वतः राखत नाहीत.

स्वेटरवाल्यांकडे अजून जातोच. ते म्हणतात, वाईट दिवसही येतील. आलेही. परवा वाचनालयाच्या दारातून परत फिरलो. पण दिवा लावून बसलो.

तुझ्या पदवीच्या समारंभाला यायचं ठरवलंय. येईन असं शपथेवर लिहीत नाही, ठरवलंय एवढंच लिहितो. दाराजवळची खुर्ची धर. मला बघून हात हलवू नकोस, ताईलाही हलवू देऊ नकोस. केक ठेवायला हरकत नाही.

आणि येत्या रविवारी सकाळी तुला फोन करणार आहे. मी, स्वतःहून. उचललास की पलीकडून जरा वेळ काहीच ऐकू येणार नाही, नुसता श्वास येईल. तो राँग नंबर नाही, बाळ. मीच आहे. ठेवू नकोस.

तुझा,
मामा